काकू आणि कुकू: आफ्रिकेतल्या बालपणाचा एकपात्री बसवताना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर इथेच कळेल. तुमचं बालपण 1979 ते 1987 झांबियातल्या कितवे शहरात गेलं, वडील तिथे माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे. मित्रांच्या बैठकीत तुम्ही कितवेचे किस्से सांगता तेव्हा लोक पोट धरून हसतात. ‘हे रंगमंचावर आण’ म्हणून सगळे मागे लागले, तुम्ही 70 मिनिटांचा एकपात्री लिहिलात, 40 माणसांसमोर वाचलात, आणि समोर सगळं गार. वर चहाच्या वेळी एक मुलगी म्हणाली, ‘यातली आफ्रिकन माणसं फक्त न समजण्यापुरती येतात.’ तुम्ही विचारताय की विनोद कमी पडतोय का, भाषेच्या गमती मराठी प्रेक्षकाला झेपत नाहीत का, आणि 1986 च्या दंगलीचा प्रसंग काढून टाकावा का.

माझी ओळख एवढीच, की मी नैरोबीत वाढले. जन्म तिथलाच, 1973 चा. बारा वर्षांची असताना सांगलीला परत आलो. गेली 19 वर्षं त्या बालपणावरचा एकपात्री करते आहे. पहिली तीन वर्षं तो चुकीचा करत होते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातलं बरंचसं त्या तीन वर्षांच्या फजितीतून आलेलं आहे.

माझ्या मते तुमची अडचण विनोदाची नाहीच. त्या मुलीनं तुम्हाला फुकटात दिग्दर्शन करून दिलंय. ती म्हणाली ते शब्द बाजूला ठेवा आणि तिला काय खटकलं ते बघा. तुमच्या संहितेत प्रेक्षकानं कुणाच्या कानानं ऐकायचं हेच ठरलेलं नाही. मित्रांत ते ठरवावं लागत नाही. ते तुम्हाला ओळखतात, त्यामुळे ते तुमच्याच कानानं ऐकतात. सभागृहात तिकीट काढून आलेला माणूस स्वतःचा कान घेऊन येतो, आणि त्या कानात ‘आफ्रिका’ म्हटलं की सिंह, दुष्काळ नाहीतर क्रिकेट असतं. हल्ली थोडी धास्तीपण असते: यावर हसलेलं चालेल ना? हसू ओठांपर्यंत येतं आणि शेजारच्याकडे बघून परत जातं. तुम्हाला जी शांतता ऐकू आली ती बहुतेक हीच.

यात बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी मोकळं करते. प्रयोग मराठीत आणि महाराष्ट्रात करणार असाल तर माझं म्हणणं लागू पडेल. उद्या तोच प्रयोग इंग्रजीत झांबियाच्या राजधानीत, लुसाकामध्ये केलात तर जवळजवळ सगळं उलटं करावं लागेल. तिथे समजावून सांगावी लागेल ती तुमची आजी, कितवेत बोलली जाणारी बेम्बा भाषा नव्हे. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात, जेवण झाल्यावर, मागे पोरं धावत असताना करणार असाल तर दंगलीसारखा प्रसंग तिथे टिकत नाही, हे अनुभवानं सांगते. शिवाय माझं केनिया आणि तुमचं झांबिया यांत अंतर आहे. आमच्याकडे दुकानदार भारतीयांची तिसरी-चौथी पिढी होती, तुमच्याकडे ठरावीक वर्षांच्या करारावर आलेले मास्तर. आमच्याबद्दलचा राग निराळा, तुमच्याबद्दलचं कुतूहल निराळं. तेव्हा माझं उदाहरण उचलू नका, त्यामागचा हिशेब उचला.

आता एक प्रसंग जवळून दाखवते. माझ्या प्रयोगातला हा सगळ्यात जुना किस्सा, आणि तो मी दोन पद्धतींनी केलेला आहे.

आधी थोडं स्वाहिली, म्हणजे केनियातली बोलण्याची भाषा. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. बाबा म्हणजे बाबाच. दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे भाऊ. आणि कुकू म्हणजे कोंबडी. आता आमच्या घरात डोकावा. मला सांभाळायला एक बाई होत्या. तिकडे आयाला याया म्हणतात. सांगलीहून माझा सख्खा मामा राहायला आला, मिशीवाला. यायांनी मला विचारलं, ‘हुयू नि नानी?’, म्हणजे हा कोण? मी म्हटलं, ‘मामा.’ त्यांनी मिशीकडे बघितलं. ‘मामा या नानी?’ कुणाची आई? मी म्हटलं, ‘मामा या मामा,’ कारण तो आईचा भाऊ आणि माझ्याकडे तेवढेच शब्द. म्हणजे हा मिशीवाला माझ्या आईची आई. त्यांनी मान डोलावली आणि कामाला लागल्या. माझ्या थोरल्या भावाला मी दादा म्हणायचे, तेव्हा तो माझी बहीण आहे हे त्यांनी आधीच पचवलेलं होतं.

मग एकदा नाकुरूहून काका-काकू जेवायला येणार होते. काकूला मी कुकूच म्हणायचे. मी आनंदानं यायांना सांगितलं, ‘केशो काका ना कुकू!’ केशो म्हणजे उद्या. त्यांनी ऐकलं: उद्या, भाऊ आणि कोंबडी. ‘चाकुला?’ जेवायला? हो, चाकुला. यायांना नवल वाटलं, कारण आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. म्हणून त्यांनी शहाण्या माणसासारखं आईला विचारून खात्री करून घेतली. ‘मामा, केशो कुकू?’ आई पोळ्या लाटत होती. तिला वाटलं, पोरीनं काकू येणार म्हणून सांगितलं वाटतं, किती कौतुक बाईला. ‘न्दियो, न्दियो, केशो कुकू.’ हो हो. ‘कुकू मोजा?’ एकच? ‘मोजा, मोजा.’ काकू एकच होती. मग यायांनी पैसे मागितले. आईला वाटलं भाजीचे. दिले.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता काकू दारातून आत आली आणि मोरीच्या नळाला पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी तिच्याकडे बघत होती. यायांनी अभिमानानं बोट दाखवून सांगितलं, ‘कुकू!’ काकूला वाटलं, आपलं स्वागत चाललंय.

पहिली तीन वर्षं मी हे आईच्या बाजूनं सांगायचे. कुकू म्हणजे कोंबडी हे प्रेक्षकाला कोंबडी दिसेपर्यंत कळायचं नाही. मोठ्ठा हशा यायचा, धक्क्याचा. मला वाटायचं, जमलं. एका प्रयोगानंतर एक काका भेटायला आले, पाणावलेले डोळे पुसत म्हणाले, ‘काय वेंधळी बाई हो तुमची ती!’ मी घरी आले आणि झोप लागेना. त्या सबंध प्रकरणात वेंधळी नसलेली एकच बाई होती. तिनं नीट ऐकलं, शंका आली म्हणून विचारलं, आकडा पक्का केला, पैसे घेतले, काम पुरं केलं. वेंधळे आम्ही होतो, वर्षानुवर्षं तिथे राहून तिची भाषा न शिकलेले. आणि माझ्या प्रयोगातून लोक तिलाच वेंधळी ठरवून घरी जात होते.

मी शब्दही बदलले नाहीत. फक्त कोंबडी पुढे आणली. आता प्रयोगाच्या चौथ्या-पाचव्या मिनिटाला माझ्यातली सहा वर्षांची मुलगी प्राण्यांचा खेळ खेळते. सिम्बा, डरकाळी. पाका, मांजर. म्ब्वा, कुत्रा. कुकू, मान पुढे-मागे आणि पंख. 40 सेकंदांचा पोरखेळ. कुणी त्याला शिकवणी समजत नाही, पण सभागृहात कुकूचे पंख सगळ्यांनी पाहिलेले असतात. पुढे पाऊण तासानं मुलगी म्हणते, ‘केशो काका ना कुकू,’ तेव्हा आधी एका कोपऱ्यातून कुणीतरी खुदकन हसतं. मग दुसऱ्या रांगेतून. आईनं ‘न्दियो, न्दियो’ म्हणेपर्यंत अख्खं सभागृह यायांच्या कानानं ऐकत असतं. धक्क्याचा हशा गेला, खरं आहे. त्याच्याऐवजी दीड मिनिटभर वाढत जाणारं हसू आलं, आणि ते आमच्या घरावर होतं.

आता तुमची ‘मुलिशानी’ घ्या. तुम्ही लिहिलंय की कितवेत लोक भेटले की बेम्बात ‘मुलिशानी?’ विचारायचे, म्हणजे कसे आहात, आणि आजीला ऐकू यायचं ‘मुली शाणी’. मी हे वाचून चहा सांडला. इतका देखणा अपघात दोन भाषांत क्वचित होतो. पण तुम्ही काय केलंत? आधी आजीचा गैरसमज सांगितलात, मग थांबून ‘मुलिशानी म्हणजे बेम्बा भाषेत अमुक’ असा खुलासा केलात. हसू येण्याच्या जागी तुम्ही शब्दकोश उघडून बसलात. उलटं करून बघा. आजी रंगमंचावर येण्याआधी तीन वेगवेगळी माणसं एकमेकांना भेटू देत: हात हातात, गुडघे किंचित वाकवलेले, ‘मुलिशानी?’ ‘ब्विनो.’ बाजारात, शाळेच्या फाटकाशी, बसच्या रांगेत. अर्थ सांगू नका, तो हातवाऱ्यांतून कळतो. मग आजी येते, शेजारीण अदबीनं विचारते, ‘मुलिशानी?’, आणि आजी म्हणते, ‘हो बाई, थोरली शाणीच आहे, धाकटीचं काही सांगता येत नाही.’ शेजारणीला एवढंच कळतं की या म्हातारीला साधं ‘कशा आहात’ विचारलं तरी ती जीव ओतून उत्तर देते. गल्लीत आजीचा लौकिक वाढू दे. बघा, आता शेजारीणपण माणूस झाली. तिला आजीबद्दल काहीतरी वाटतं.

मराठी प्रेक्षकाला परकी भाषा झेपत नाही हे मला पटत नाही. त्याला खुलासा झेपत नाही.

यालाच जोडून बोलण्याच्या ढंगाचं. हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या संहितेतला माळी ‘हम जायेगा’ छापाचं मोडकं मराठी बोलतो, म्हणून सांगते. मीही आधी यायांना मोडकं बोलायला लावत होते. मग गावाकडचं मराठी देऊन बघितलं, तर त्या लगेच आपल्या नाटकांतल्या ठरलेल्या मोलकरणीसारख्या झाल्या. दोन्ही टाकून दिलं. आता त्यांची स्वाहिली मी स्वच्छ, ठसठशीत मराठीत बोलते, कारण स्वाहिलीत त्या तशाच बोलायच्या. मोडकं बोलतात ते माझे बाबा. स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात आणि त्यांच्याबरोबर पुढचं सगळं वाक्य बदलत जातं. दोन कप फुटले तर ‘विकोम्बे विविली विमेवुंजिका’. बाबांचं काय, ‘किकोम्बे म्बिली वुंजिका’. याचं मराठी मी करते: ‘कपबशी दोन फुटला.’ यायांचं उत्तर येतं: ‘साहेब, दोन कप फुटले, आणि ते तुमच्याच कोपरानं फुटले.’ या एका उलटापालटीनं माझ्या प्रयोगाचा सूर बदलला. तुमचे गणिताचे मास्तर वडील बेम्बात काय दिवे लावायचे ते आठवा. वर्गात इंग्रजी चालत असेल, पण बाजारात?

बेम्बा मात्र एखाद्या बेम्बा बोलणाऱ्याकडून तपासून घ्या. लहानपणी कानावर पडलेली भाषा आपल्याला येते असं आपल्याला वाटतं. मी चार वर्षं एक शब्द चुकीचा म्हणत होते, तो चुकीचा म्हणूनच मला बाबांकडून आलेला होता.

आता सिंहाचं बघू. प्रेक्षक सिंहाची वाट बघत बसतो. तो येईपर्यंत तुमचं काही ऐकत नाही. म्हणून मी तो दुसऱ्याच मिनिटाला देऊन टाकते. नैरोबीला शहराला लागूनच राष्ट्रीय उद्यान आहे, 1946 पासूनचं. आम्ही शाळेच्या सहलीला गेलो, सिंह होता, झोपला होता. बाईंनी सांगितलं, ‘बघा, सिंह.’ आम्ही बघितला. मग एका मुलीनं डबा उघडला आणि त्यात मांदाझी निघाली, आपल्याकडच्या गोड पुरीची फुगलेली बहीण, आणि बसमधल्या सगळ्या माना सिंहावरून मांदाझीकडे वळल्या. सिंहाचा विषय तिथेच संपतो. कितवेत सिंह नव्हताच म्हणताय, मग आणखी सोपं: नव्हता हेच पहिल्या मिनिटात सांगून टाका. ‘हकुना मटाटा’ची फर्माईशही होतेच. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत ते कुणी म्हणत नसे, ‘हकुना शिदा’ म्हणायचे. मी तेवढं म्हणून पुढे जाते.

आणि ‘आफ्रिका’ हा शब्द पहिली 20 मिनिटं वापरूच नका. तुमच्या पहिल्या पानावर तो अकरा वेळा आहे, मी मोजला. आठ वर्षांच्या मुलाला आपण आफ्रिकेत आहोत हे ठाऊक नसतं. तो कितवेत असतो. कितवेतसुद्धा नाही, पाण्याच्या टाकीपासून चिंचोळ्या बोळापर्यंतच्या जगात असतो. आफ्रिकेत आहोत हे आपल्याला भारतात आल्यावर कळतं, जेव्हा शाळेत पोरं विचारतात, ‘तिकडे झाडावर राहायचात का?’ तो शब्द तेव्हासाठी राखून ठेवा. पोरानं तो पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकू दे.

जोहान्सबर्गच्या ट्रेव्हर नोआ या विनोदवीराचं उदाहरण देते, कारण तो तुम्हाला यूट्यूबवर सहज बघता येईल. जन्म 1984 चा, आई तिथल्या खोसा जमातीची काळी, वडील स्विस गोरे. काळ्या-गोऱ्यांचे संबंध तेव्हा दक्षिण आफ्रिकेत गुन्हा होते, तो कायदा 1985 मध्ये उठला. 2009 मधल्या ‘द डेवॉकर’ या पहिल्या एकपात्रीपासून तो हेच बालपण सांगत आला. त्याच्या गोष्टींत सगळ्यात हुशार माणूस कोण असतं ते बघा. बहुतेक वेळा आई. कायद्यावर व्याख्यान देण्याऐवजी तो आपल्याला आईच्या शेजारी उभं करतो. बाकी त्याची नक्कल करू नका, त्याचा वेग आपल्या भाषेला मानवत नाही.

वस्तूंबद्दल. तुम्ही पडद्यावर फोटो दाखवायचा विचार करताय. नको. फोटो आला की प्रेक्षक तुमच्याकडे बघायचं सोडतो, आणि एकपात्रीत तुमच्याशिवाय बघण्यासारखं दुसरं काही असता कामा नये. मी दूध कसं करते ते सांगते. 1979 पासून केनियाच्या प्राथमिक शाळांत राष्ट्राध्यक्ष मोईंच्या योजनेतून फुकट दूध मिळायचं, मोईंच्या घोषणेतल्या शब्दावरून ‘न्यायो’चं दूध म्हणायचे त्याला. पाकीट आपल्या चौकोनी खोक्यासारखं नाही, चार त्रिकोणांचं, टोकदार, जरा मोठ्या समोशाएवढं. ते टेबलावर नीट उभं राहतं, पण प्यायचं कुठून हे कळत नाही. माझ्या हातात काहीच नसतं. मी फक्त एक टोक दातांत धरते, मान तिरकी करते, ओढते, आणि पुढच्या मुलीच्या मानेवर पिचकारी. मग रिकामं पाकीट जमिनीवर ठेवून टाचेनं फाडकन फोडायचं. पुण्यातल्या एका प्रयोगात पहिल्या रांगेतल्या आजींनी पिचकारीला खरोखर मान चुकवली. फोटोनं हे झालं नसतं.

पात्रांच्या संख्येचं दडपण घेऊ नका. मराठीत एकपात्री म्हटलं की लोक लक्ष्मण देशपांड्यांची ‘वऱ्हाड’मधली 52 पात्रं काढतात. ते त्यांना साधलं होतं. बालपणाच्या प्रयोगाला आठ पुरे. प्रत्येकाला एक लकब आणि एक नजर. नजरेची उंची ही खरी युक्ती आहे: मूल वर बघतं, मोठे खाली बघतात, आणि मुलाला मोठ्यांचे चेहरे कमी, गुडघे आणि हात जास्त दिसतात. याया माझ्याशी बोलताना उकिडव्या बसायच्या, म्हणून तेवढ्याच एका पात्राशी बोलताना माझी नजर सरळ असते. हे मी ठरवून केलं नव्हतं, तालमीत शरीरानं आठवलं.

आता दंगल. 1986 च्या डिसेंबरात मक्याच्या पिठाचे भाव चढले आणि ताम्रपट्ट्यात, म्हणजे कितवेच्या आसपासच्या तांब्याच्या खाणींच्या भागात, लोक रस्त्यावर आले, माणसं मेली. तुम्ही विचारताय, विनोदी प्रयोगात हे ठेवू का. ठेवा, पण हसवायला नको आणि रडवायलाही नको.

माझ्याकडे 1 ऑगस्ट 1982 आहे. रविवार होता. केनियाच्या हवाई दलातल्या काही सैनिकांनी सत्ता उलथवायचा प्रयत्न केला, सकाळी रेडिओ ताब्यात घेतला. दिवस मावळायच्या आत लष्करानं तो मोडून काढला, पण तोवर नैरोबीत लूट झाली, भारतीयांची दुकानं फुटली, बायकांवर अत्याचार झाले. मी नऊ वर्षांची. मला त्यातलं काहीच कळलं नाही. आम्ही जेवणाच्या टेबलाखाली होतो, आईनं दागिने तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसले, आणि पुढचा आठवडाभर वरणात बांगडी सापडेल म्हणून आम्ही सावकाश जेवत होतो. एवढं हसू त्या प्रसंगात आहे आणि ते चालतं, कारण ते मुलाचं आहे.

त्याच टेबलाखाली याया होत्या. त्यांना घरी जाता येत नव्हतं. इथे मला एक सांगावं लागतं जे सुरुवातीची वर्षं मी टाळत होते. यायांचा चहा वेगळ्या कपात असायचा. निळ्या काठाचा इनॅमलचा कप, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेला. ही आमची सांगलीहून बरोबर नेलेली चाल. त्या दिवशी दार उघडायची सोय नव्हती, कप बाहेर. आईनं आमच्या स्टीलच्या पेल्यात त्यांना चहा दिला. दोघी टेबलाखाली गुडघ्याला गुडघा लावून चहा प्यायल्या. मंगळवारी कप पुन्हा खिळ्यावरून खाली आला.

यावर मी एक शब्द बोलत नाही. माझ्या प्रयोगात एकच खरी वस्तू आहे आणि ती तो कप. सुरुवातीपासून तो हातात असतो. कधी गाडीचं स्टिअरिंग होतो, कधी रेडिओ, कधी शाळेची घंटा. लोकांना तो माझा लहानपणचा कप वाटतो. टेबलाखालच्या चहाला मी तो बाजूला ठेवते आणि रिकाम्या हातानं पेला धरते. कप कुणाचा होता ते त्यानंतर कळतं. तिथे मी मनात आठ आकडे मोजते आणि मग पुढचा प्रसंग सुरू करते. पहिल्यांदा केलं तेव्हा घाबरून तिसऱ्याच आकड्याला विनोद टाकला होता. सभागृहानं तो परत केला.

नैरोबीत एकदा मराठी मंडळींसमोर प्रयोग झाला, काही केनियन पाहुणेही होते, शेजारी बसलेले त्यांना समजावून सांगत होते. नंतर एका बाईंनी विचारलं, त्यांचं नाव काय होतं? मला माहीत नव्हतं. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, अमक्याची मामा. आमच्या घरी तर ‘मामा’ म्हणायलाही आईला अवघडायचं, म्हणून नुसतं याया. आईला फोन करून विचारलं. तिलाही आठवेना. आता प्रयोगात हेही आहे, शेवटाकडे, एका वाक्यात. तुमच्या माळ्याचं नाव संहितेत नाही. अजून विचारायला कुणी असेल तर आधी ते काम करा, बाकीचं लिखाण थांबलं तरी चालेल.

व्यवहाराचं थोडक्यात. पुढचं वाचन 70 मिनिटांचं ठेवू नका. 25 मिनिटांचं करा, दहा-बारा अनोळखी माणसांसमोर, आणि कुठे हसले त्यापेक्षा कुणावर हसले ते कुणाला तरी टिपून ठेवायला सांगा. ते टिपणारी म्हणून त्या मुलीलाच बोलवा. तिकीट लावून महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, एकपात्री असला तरी. सभागृहाची तारीख घेण्याआधी ते उरकून घ्या.

आणि शेवटी तो रुमाल. तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिलंय की झांबियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा नेहमी पांढरा रुमाल हातात धरायचे आणि शाळेच्या मैदानात तुम्ही पोरं त्यांच्यासारखे रुमाल हलवायचात. फोटोंचा पडदा काढून टाका, तो रुमाल घ्या. आजीचा पदर, तेलाच्या रांगेतली पिशवी, आईच्या कपाळावरची ओली घडी, सगळं त्यातून निघेल. डिसेंबर 1986 मध्ये तो कुणाच्या हातात असतो ते मला इथे बसून सांगता येणार नाही, तुम्हाला तालमीत सापडेल. कापूस जाडसर बघा, नायलॉन दिव्यात चमकतं. आणि दोन ठेवा, एक धुण्यात असतो.